कायद्याच्या विद्यार्थ्यांना माध्यम साक्षरता शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधी महाविद्यालयात हा विषय हाती घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. डोळ्यांसमोर महाराष्ट्र आणि गोव्यातली तीन व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची महाविद्यालयं आहेत. बहुतेक सराव मात्र इतरत्रही चालतील.

पुराव्याचा कायदा अभ्यासक्रमात आहेच. मग हे वेगळं कशाला?

कारण विद्यार्थी दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. ऐकीव पुरावा का चालत नाही यावर सकाळी चोख उत्तर देणारा मुलगा दुपारी कॅन्टीनमध्ये एका रीलच्या भरवशावर ‘सुप्रीम कोर्टानं कायदाच बदललाय’ असं छातीठोकपणे सांगतो. शिवाय त्याच्या शब्दाला वजन असतं. घरच्या, गावाकडच्या ग्रुपवर ‘तो एलएलबी करतोय, त्याला विचारा’ असं म्हणतात, आणि त्यानं पुढे ढकललेला मजकूर शिक्का बसल्यासारखा फिरतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या आधीचे काही आठवडे अशा अफवा मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हा विषय किती गंभीर आहे हे पहिल्या तासाला एवढ्यावरून कळतं, त्यासाठी भाषण लागत नाही.

आमच्या मते या विषयाचं सूत्र ‘खरं की खोटं’ हे नाही. ‘मला हे कुठून कळलं, आणि याची मूळ नोंद कुठे आहे’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावायची. खरं-खोटं त्यानंतर ठरतं, आणि कधी कधी ठरतही नाही.

एक दिवसाची कार्यशाळा घेतली तर चालेल का?

फोटो चांगले येतील, फरक फारसा पडणार नाही. बिहारमध्ये १,२२४ जणांसोबत झालेल्या एका प्रयोगात खोट्या बातम्या ओळखण्याचं तासाभराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलं गेलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, आणि एका पक्षाच्या समर्थकांमध्ये आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट घटलेली दिसली. नंतर बिहारमध्येच १३,००० हून अधिक शाळकरी मुलांसोबत अनेक आठवड्यांत विभागून तासिका घेतल्या, तेव्हा परिणाम दिसला आणि काही महिन्यांनीही टिकला. म्हणजे फरक पडतो तो पुन्हा पुन्हा करण्यानं.

सोयीची मांडणी अशी: एका सत्रात १२ तासिका, आठवड्याला एक, प्रत्येकी ९० मिनिटांची. त्यातली पहिली २० मिनिटं शिक्षक बोलतील, पुढची ५० मिनिटं गट काम करतील, शेवटच्या २० मिनिटांत गट आपली नोंद वाचून दाखवतील. ६० जणांचा वर्ग असेल तर पाच-पाच जणांचे १२ गट करा. आठ जणांच्या गटात दोघंच काम करतात आणि बाकीचे मोबाइल पाहतात.

पहिल्या तासाला काय घ्यायचं?

संकेतस्थळ सोडून बाहेर पडायला शिकवा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळले आणि बोधचिन्ह, मांडणी, ‘आमच्याविषयी’ यांवरून मत बनवत बसले. तपासनिसांनी लगेच नव्या टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. ते लवकर आणि अधिक अचूक निष्कर्षाला पोहोचले.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हे मुद्दाम शिकवावं लागतं, कारण त्याची सगळी तालीम याच्या उलट असते. कागद समोर आला की ओळ न् ओळ बारकाईनं वाचायची! अनोळखी संकेतस्थळावर हीच सवय अंगाशी येते.

सरावासाठी, नावात ‘मानवाधिकार’ किंवा ‘राष्ट्रीय परिषद’ असे शब्द आणि बोधचिन्हावर अशोकस्तंभासारखी आकृती असलेल्या खासगी संस्थांची पानं घ्या. सात मिनिटांत सांगायचं: ही संस्था वैधानिक आहे का, असल्यास कोणत्या कायद्याखाली स्थापन झाली, आणि नसल्यास तशी भासते कशामुळे? मग राजमुद्रेच्या गैरवापराला मनाई करणारा २००५ चा कायदा उघडा. माध्यमाचा तास आपोआप कायद्याचा तास होतो.

न्यायालयीन बातम्या वाचायला कसं शिकवायचं?

यावर किमान तीन तासिका द्या. इतर महाविद्यालयांतल्या अभ्यासक्रमाहून विधी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम इथेच वेगळा होतो, आणि विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक चुकाही इथेच सापडतात.

एकाच प्रकरणाची तीन मराठी वृत्तपत्रांतली बातमी द्या आणि मथळ्यातल्या जोरदार शब्दांखाली रेघ मारायला सांगा. ‘दिलासा’, ‘दणका’, ‘फटकारलं’, ‘ताशेरे’, ‘क्लीन चिट’. यातल्या एकाही शब्दावरून नेमका आदेश कळत नाही. ‘दिलासा’ म्हणजे अटकपूर्व जामीन असेल, दोन आठवड्यांचं अंतरिम संरक्षण असेल किंवा नुसती पुढची तारीखही असेल. ‘क्लीन चिट’मागे बहुधा पोलिसांचा समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याची शिफारस, असतो. महाराष्ट्रात त्याचेही प्रकार आहेत: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा ‘ए’, तक्रार खोडसाळ आणि खोटी असेल तर ‘बी’, गैरसमजुतीतून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘सी’. तो अहवाल स्वीकारायचा की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि ही ओळ मथळ्यात कधीच नसते.

मग चार रकाने आखायला लावा: मथळा काय म्हणतो, बातमीचा मजकूर काय म्हणतो, आदेशाचा कोणता परिच्छेद काय म्हणतो, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे. चौथा रकाना सगळ्यांत कठीण जातो. गुन्हा दाखल होणं, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, दोषमुक्ती, निर्दोष मुक्तता हे टप्पे परीक्षेत बिनचूक लिहिणारे विद्यार्थीही बातमीत ते गोंधळतात.

तोंडी शेरा आणि आदेश यांतला फरक शिकवायला २०२१ चं मद्रास उच्च न्यायालयाचं प्रकरण चपखल आहे. २६ एप्रिलला सुनावणीदरम्यान न्यायालयानं निवडणूक आयोगाबद्दल, आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा, अशा आशयाचा तोंडी शेरा मारला. देशभर मथळे झाले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडी शेरे न्यायालयीन नोंदीचा भागच नसल्यामुळे ते वगळण्याचा प्रश्न येत नाही, आणि सुनावणीत काय बोललं गेलं हे छापायला माध्यमांना बंदीही घालता येणार नाही. आता वर्गाला विचारा: मथळा खोटा होता का? नव्हता. मग वाचकाची दिशाभूल झाली का? यावर अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

बातम्या मात्र किमान दोन आठवडे जुन्या निवडा. ताजी बातमी घेतली की त्या दिवशी आदेश अपलोड झालेला नसतो आणि तास वाया जातो.

मूळ आदेश शोधायच्या पायऱ्या कोणत्या?

बातमीतून पाच गोष्टी काढा: न्यायालय आणि खंडपीठ, न्यायमूर्तींची नावं, एका तरी पक्षकाराचं नाव, तारीख, प्रकरणाचा प्रकार. जिल्हा न्यायालयासाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला तर थेट प्रकरण उघडतं. हा १६ अक्षर-अंकांचा असतो: राज्य, जिल्हा आणि न्यायालयाचा संकेत सहा स्थानांत, मग सहा आकडी क्रमांक, शेवटी वर्ष. उच्च न्यायालयासाठी त्याच्याच संकेतस्थळावर जा. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ उद्धरणात (न्यायालयानं स्वतःच निवाड्याला दिलेल्या ओळख क्रमांकात) वर्ष, मग ‘बीएचसी’, मग पीठाचं लघुरूप आणि क्रमांक असतो. त्यामुळे अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद की गोवा हे उद्धरणावरूनच कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांना ‘आयएनएससी’ असलेलं उद्धरण असतं, आणि त्यांचा अधिकृत निवाडा-संग्रह २०२३ पासून ऑनलाइन मोफत पाहता येतो.

नेहमी अडतं ते नावाच्या इंग्रजी स्पेलिंगपाशी. मराठी बातमीतल्या ‘गोरंट्याल’चं स्पेलिंग तीन प्रकारे होऊ शकतं. सोपं आडनाव असलेल्या दुसऱ्या पक्षकारानं शोधा, किंवा तारीख आणि न्यायमूर्तींवरून जा.

एआयनं रचलेले निवाडे कसे पकडायचे?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. ते तिकडचं झालं म्हणून विद्यार्थी हसतात. मग त्यांना २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय द्या. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतलेला प्राप्तिकर आकारणीचा आदेश त्यात रद्द झाला.

सराव असा. दहा उद्धरणांची यादी द्या. सहा खरी, दोन संपूर्ण बनावट, आणि दोन अशी की निवाडा खरा पण त्यात तो मुद्दाच नाही. संपूर्ण बनावट तर सगळे पकडतात. शेवटची दोन सुटतात, आणि व्यवहारात घात याच प्रकारानं होतो. नियम एकच: ज्या परिच्छेदाचा आधार घेताय त्याचा क्रमांक लिहा आणि तो परिच्छेद उघडून वाचा. एआयलाच ‘हा निवाडा खरा आहे ना?’ असं विचारणं ही पडताळणी होत नाही. ते पुन्हा तितक्याच आत्मविश्वासानं ‘हो’ म्हणू शकतं.

याच तासाला कलमांचे फॉरवर्डही घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर जुन्या-नव्या कलमांचे तक्ते उदंड फिरले. त्यातला एखादा घेऊन इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच्या अधिकृत मजकुराशी ताडून पाहायला सांगा. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) आहे हे तक्त्यात असतं, पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते हे नसतं. रद्द झालेली कलमंही मरत नाहीत: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं, तरी त्याखाली खटले चालवू नका असं त्याच न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

फोटो आणि चित्रफीत वर्गात कशी तपासायची?

फोटोसाठी गुगल लेन्स आणि टिनआय दोन्ही चालवा, दोघांचे निकाल वेगळे येतात. चित्रफितीतून सुरुवातीची, मधली, शेवटची अशी चार-पाच स्थिर चित्रं काढून ती शोधा. हे काम इन्व्हिड हे ब्राउझरला जोडायचं मोफत साधन करून देतं. मग चित्रातल्या पाट्यांची भाषा, वाहनांच्या नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश, हवामान पाहा. बहुतेक ‘खोट्या’ चित्रफिती खऱ्याच असतात, फक्त त्यांचं गाव आणि साल दुसरं असतं. त्यामुळे ‘हे एडिट केलंय का?’ यापेक्षा ‘हे पहिल्यांदा कधी दिसलं?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

डीपफेक ओळखणाऱ्या ॲपवर विसंबू नका. टक्केवारी दाखवणारं साधन विद्यार्थ्याला निकाल मिळाल्याचं खोटं समाधान देतं, आणि ती टक्केवारी कशी आली हे उलटतपासणीत त्याला सांगता येणार नाही.

स्क्रीनशॉटपासून पुराव्यापर्यंतचा प्रवास कसा दाखवायचा?

हॅशच्या प्रयोगानं. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची ओळ, जणू तिच्या बोटाचा ठसा. हा तास विद्यार्थी विसरत नाहीत.

मोबाइलवर एक फोटो काढा आणि केबलनं संगणकावर घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा वापरून त्याची शा-२५६ हॅश काढा. ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळेल, तिची शेवटची सहा अक्षरं फळ्यावर लिहा. आता तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा मित्राला पाठवा, त्याच्याकडून तो उतरवून पुन्हा हॅश काढा. ओळ पूर्ण वेगळी येते, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. फोटो कधी, कोणत्या फोनवर काढला ही आत दडलेली माहितीही त्यात जाते. तिसऱ्या वेळी तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. हॅश जुळते. शेवटी फाइलचं नाव बदला, हॅश तीच राहते. वीस मिनिटांचं काम आहे. ‘फोटो तोच तर आहे’ हे वाक्य त्यानंतर वर्गात ऐकू येत नाही.

मग भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम ६३ उघडा. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतचं प्रमाणपत्र आता ठरलेल्या नमुन्यात, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन भागांत द्यावं लागतं: पहिला भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅशची जागा आहे.

अशाच प्रमाणपत्राबद्दलच्या, आधीच्या साक्ष कायद्यातल्या ६५ब कलमासाठी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा १४ जुलै २०२० चा निवाडा वाचायला द्या. प्रकरण आपल्या जालन्याचं, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं न्यायालयानं सांगितलं. मूळ उपकरणच हजर करून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर मात्र ते लागत नाही. आणि इथे मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं, म्हणून त्या पक्षकाराला सूट मिळाली. फितीत काय दिसतं यावर वाद घालणाऱ्या वर्गाला ती कोणी, कुठल्या उपकरणावर, कशी जपली हे विचारायची दृष्टी यातून येते.

मुलं ‘काहीच खरं नसतं’ म्हणायला लागली तर?

ही खरी जोखीम आहे, आणि शिक्षकाच्या निवडीतून येते. दहापैकी दहा नमुने खोटे दिले की विद्यार्थी डोळे मिटून ‘खोटं’ म्हणायला शिकतो आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. निम्मे नमुने खरे ठेवा, त्यात दोन-तीन अविश्वसनीय वाटणारे पण खरे. संशय हे वकिलाचं हत्यार असलं तरी न्यायालयाला शेवटी काहीतरी शाबीत मानावंच लागतं. खऱ्या चित्रफितीलाही ‘डीपफेक आहे’ म्हणून झटकणारे पक्षकार या मुलांसमोर उद्या येणारच आहेत. म्हणून नोंदीत ‘शाबीत’, ‘नाशाबीत’ (खोटं ठरलं) आणि ‘शाबीत नाही’ (खरंही ठरलं नाही, खोटंही नाही) हे साक्ष कायद्यातले तीन शेरे वापरायला लावा. तिसरा शेरा लिहायला लाज वाटू नये.

राजकीय नमुने टाळावेत का?

पहिले चार आठवडे टाळा. आरोग्य, बँक, परीक्षा, हवामान यांवर हात बसू द्या. नंतर राजकीय नमुने घ्या, पण प्रत्येक बाजूला सोयीचे तितकेच, आणि कोणी निवडले हे उघड सांगून. गटात विद्यार्थ्यानं आपल्याला पटणाराच दावा तपासायचा असा नियम ठेवा. न पटणारा दावा सगळेच कसून तपासतात.

‘खोटं काय हे ठरवायचं कोणी?’ या चर्चेसाठी केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाचं प्रकरण घ्या. केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार नियमांत दुरुस्ती करून या कक्षाला दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. २० सप्टेंबरला तिसऱ्या न्यायमूर्तींनी नियमातली दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एकाच प्रकरणात तयार मिळतात.

खोटा मजकूर वर्गात वाटताना कायद्याची भीती आहे का?

काळजी घ्या. न्याय संहितेचं कलम ३५३ खोटी माहिती किंवा अफवा प्रसृत करण्याबद्दल आहे. ती खरी मानायला वाजवी कारण असेल आणि हेतू शुद्ध असेल तर अपवाद आहे, पण शिक्षकाला तर ती खोटी असल्याचं माहीतच असतं. म्हणून नमुने फॉरवर्ड करू नका. पडद्यावर दाखवा किंवा कागदावर छापा, आणि आडवा ‘सरावासाठी’ असा ठसा मारा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख (कलम ७२), बालकाची ओळख (पोक्सोचं कलम २३, बाल न्याय कायद्याचं ७४) उघड करणारा नमुना घेऊच नका, चेहरा झाकूनही नाही. गावाचं, शाळेचं नावही ओळख पटवायला पुरतं.

मराठीतून शिकणाऱ्यांचं काय?

बातमी मराठीत आणि निवाडा इंग्रजीत, ही अडचण खरी. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निवाड्यांचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. वाचायला ते जरूर वापरा, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो. गटात इंग्रजी बरं असणारा एक तरी विद्यार्थी ठेवा, आणि आदेशाचा शेवटचा परिच्छेद सर्वांनी स्वतः मराठीत उतरवायचा.

लॅब नाही, इंटरनेटही धड नाही.

गटाला एक मोबाइल पुरतो. मथळे, चार रकाने, उद्धरणांची यादी हे सगळं कागदावर होतं. आदेश आधी छापून ठेवा. हॅशच्या तासाला मात्र शिक्षकाचा एक लॅपटॉप हवाच.

विद्यार्थी स्वतःच कायद्याच्या रील्स बनवतात. त्यावर काही बोलावं का?

बोलावं. कायद्याची माहिती देणं वेगळं आणि काम मिळवण्यासाठी जाहिरात करणं वेगळं. सनद मिळाली की वकिलांना जाहिरातीची मनाई करणारा बार कौन्सिलचा ३६ वा नियम लागू होतो. इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या अशिलाच्या प्रकरणावर, नाव बदलूनही, रील नको. आणि न्यायालयाच्या थेट प्रक्षेपणातली २० सेकंदांची तुकडा-चित्रफीत टाकण्याआधी त्या न्यायालयाचे प्रक्षेपणाचे नियम वाचायला लावा.

गुण कशावर द्यायचे? आणि अभ्यासक्रमात हे बसवायचं कुठे?

स्वतंत्र विषय मंजूर होण्याची वाट पाहू नका. मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) आणि इंटर्नशिपच्या प्रात्यक्षिकात, साक्ष कायद्याच्या अंतर्गत गुणांत किंवा ‘मीडिया अँड लॉ’ ऐच्छिक असेल तर तिथे हे बसतं. ५० गुण असतील तर आठ पडताळणी नोंदींना प्रत्येकी चार, उद्धरणांच्या सरावाला आठ आणि तोंडी परीक्षेला दहा.

नोंद एका पानाची असावी: दावा जसाच्या तसा, तो कुठे, कधी पाहिला, शोधाच्या पायऱ्या क्रमानं आणि वेळेसह, फसलेल्या पायऱ्यांसकट, मूळ नोंद व तिची वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन केलेली प्रत, शेरा. गुण पायऱ्यांना द्या. शेरा बरोबर पण पायऱ्या कोऱ्या असतील तर चारपैकी एक. तोंडी परीक्षेत त्याचीच एखादी जुनी नोंद समोर ठेवून उलटतपासणी घ्या: ‘ही प्रत तुम्ही कधी उतरवली? त्याआधी पान बदललं नव्हतं कशावरून?’ दुसऱ्याची नोंद उतरवलेला विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नाला सापडतो.